पेजपेक्षा मोठा ब्लॉक : लिनक्समधील एका दीर्घकालीन मर्यादेची चिकित्सा
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा)

सारांश

फाईल सिस्टीम ज्या मापाने डिस्कवर माहिती ठेवते त्यास ब्लॉक म्हणतात, तर संगणकाची स्मृती म्हणजे मेमरी ज्या मापाने विभागलेली असते त्यास पेज म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ब्लॉक हा पेजपेक्षा मोठा असू नये, अशी अट दीर्घकाळ होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.१२ या आवृत्तीत एक्सएफएस या फाईल सिस्टीमपुरती ही अट शिथिल झाली. प्रस्तुत लेखात या अटीचा उगम, तिच्यासंबंधीचा वाद, ती दूर करण्याची पद्धत आणि या बदलाचे गुणदोष यांची चिकित्सा केली आहे. ही अट एका विशिष्ट रचनेच्या सोयीतून आलेली होती, तथापि ती कालांतराने नियमासारखी मानली गेली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : फाईल सिस्टीम, ब्लॉक, पेज, पेज-कॅशे, फोलिओ, एक्सएफएस, औद्योगिक नोंदी.

१. प्रास्ताविक

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूपांतर उद्योगनगरीत झाले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे हा पट्टा पुणे-नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पसरला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान-मध्यम उद्योग भोसरीच्या गाळ्यांपासून चाकणच्या शेडपर्यंत विखुरलेले आहेत.

अशा उद्योगाला दोन वस्तू तयार कराव्या लागतात : भाग आणि त्या भागाची नोंद. मोटार-उद्योगासाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता-मानकानुसार उत्पादन-भागाच्या मान्यतेच्या नोंदी, तो भाग उत्पादनासाठी व दुरुस्ती-सेवेसाठी वापरात असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपून ठेवाव्या लागतात. एखाद्या वाहनाचा भाग दहा-पंधरा वर्षे वापरात राहू शकतो. तेवढ्या काळात कारखान्यातील संगणक मात्र अनेकदा बदलतो. म्हणजे नोंदीचे आयुष्य यंत्राच्या आयुष्यापेक्षा मोठे असते. अशा वेळी डिस्कवर लिहिलेली माहिती कोणत्या यंत्रावर वाचता येईल, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, तर तो पुरवठादाराच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न होतो.

लिनक्समधील उपरोक्त अटीचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. एका यंत्रावर तयार केलेली, स्वरूपाच्या दृष्टीने पूर्णतः वैध असलेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर, केवळ त्या यंत्राच्या स्मृतीचे पेज लहान आहे या कारणाने, उघडता येत नसे. या अटीची चिकित्सा करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. दोन मापे, दोन उगम

ब्लॉक आणि पेज ही दोन्ही मापे बाइटमध्ये मोजली जातात. त्यामुळे ती एकाच कुळातील वाटतात. परंतु त्यांचा उगम वेगळा आहे. ब्लॉकचे माप डिस्क तयार करताना, म्हणजे फॉरमॅट करताना ठरते आणि ते डिस्कवरच लिहिलेले असते. डिस्क जेथे जाईल तेथे ते माप तिच्याबरोबर जाते. पेजचे माप मात्र प्रोसेसरच्या रचनेवर अवलंबून असते. इंटेलच्या ८०३८६ या १९८५ मधील प्रोसेसरने ४ किलोबाइटचे पेज स्वीकारले आणि त्या घराण्यातील यंत्रांत मूलभूत पेजचे माप आजही तेच आहे. एआरएमच्या ६४-बिट रचनेत ४, १६ किंवा ६४ किलोबाइट यांपैकी एक माप निवडता येते. आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर लिनक्स सामान्यतः ६४ किलोबाइटचे पेज वापरते.

ही दोन मापे पेज-कॅशेमध्ये एकत्र येतात. डिस्क मंद आणि स्मृती जलद असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम एकदा वाचलेली माहिती स्मृतीत राखून ठेवते. या राखीव साठ्यास पेज-कॅशे म्हणतात. त्याच्या नावातच त्याचे माप आहे. साठा पेजच्या मापाने लावलेला असतो आणि डिस्कवरून येणारी माहिती ब्लॉकच्या मापाने येते.

औद्योगिक पट्ट्यातील परिचित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. भोसरीच्या गाळ्यात तयार झालेले भाग क्रेटमध्ये भरून चाकणच्या जुळणी-कारखान्यात जातात. तेथे कामगाराच्या हाताशी भाग ठेवण्यासाठी ठरावीक मापाचे कप्पे असतात. एका कप्प्यात चार लहान क्रेट बसत असतील तर अडचण नाही. परंतु क्रेट कप्प्यापेक्षा मोठा असेल, तर एका क्रेटसाठी शेजारशेजारचे अनेक कप्पे एकाच वेळी मोकळे हवेत. पुरवठादाराने कप्प्यापेक्षा मोठा क्रेट पाठवूच नये, असा नियम केला की कारखान्याचे काम सोपे होते. मात्र त्याचा भार पुरवठादारावर आणि वाहतुकीवर पडतो. लिनक्सने नेमका असाच नियम केला होता.

३. मर्यादेचा इतिहास

ही अट संगणकशास्त्राच्या तत्त्वातून आली असती, तर ती सर्वच प्रणालींत आढळली असती. इतिहास तसे दर्शवीत नाही. बर्कली विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या १९८३ मधील आवृत्तीत फास्ट फाईल सिस्टीम समाविष्ट होती. तिच्यात ब्लॉकचे किमान माप ४०९६ बाइट होते, तर ती ज्या व्हॅक्स यंत्रावर चालत असे त्याचे पेज ५१२ बाइटचे होते. पेजपेक्षा आठपट मोठा ब्लॉक तेथे रोजच्या व्यवहारातील बाब होती. त्या प्रणालीत डिस्कवरील माहितीचा राखीव साठा स्मृती-व्यवस्थापनापासून स्वतंत्र होता. त्यामुळे ब्लॉकच्या मापाला पेजचे बंधन नव्हते.

मार्शल कर्क मॅक्युझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या फाईल सिस्टीमवरील निबंधात मोठ्या ब्लॉकची किंमतही प्रांजळपणे मांडली आहे. त्यांनी तपासलेल्या फाईलसंग्रहात ५१२ बाइटच्या ब्लॉकमुळे वाया जाणारी जागा ६.९ टक्के, १०२४ बाइटच्या ब्लॉकमुळे ११.८ टक्के, २०४८ बाइटच्या ब्लॉकमुळे २२.४ टक्के, तर ४०९६ बाइटच्या ब्लॉकमुळे ४५.६ टक्के होती. या अपव्ययावर उपाय म्हणून त्यांनी ब्लॉकचे लहान तुकडे करण्याची सोय केली. मोठ्या ब्लॉकचा लाभ आणि लहान फाईलींचा अपव्यय हे द्वंद्व तेव्हापासूनचे आहे.

पुढे फाईल वाचण्याचा साठा आणि स्मृती-व्यवस्थापन हे दोन्ही एकत्र आणण्याकडे कल झाला. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवण्याचा दुहेरी खर्च त्यामुळे वाचला. लिनक्सने जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत हे एकीकरण स्वीकारले. ते लाभदायक होते, यात शंका नाही. मात्र त्यासोबत एक गृहीतक रचनेत रुजले. एका पेजमध्ये एक किंवा अनेक ब्लॉक असू शकतात, असे सर्वत्र धरले गेले. एक ब्लॉक अनेक पेजांवर पसरलेला असू शकतो, याला त्या रचनेत जागाच उरली नाही.

एक्सएफएसची कथा या संदर्भात बोलकी आहे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ती १९९४ मध्ये आपल्या आयरिक्स या प्रणालीसाठी आणली. तिच्या मूळ रचनेत ५१२ बाइटपासून ६४ किलोबाइटपर्यंतचा ब्लॉक मान्य होता. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ मध्ये ही फाईल सिस्टीम समाविष्ट झाली. डिस्कवरील तिचे स्वरूप ६४ किलोबाइटचा ब्लॉक मान्य करीत राहिले. लिनक्सचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मात्र पेजपेक्षा मोठा ब्लॉक दिसताच डिस्क उघडण्यास नकार देत असे. ६४ किलोबाइट पेजच्या पॉवर यंत्रावर चालणारी डिस्क सामान्य इंटेल यंत्रावर निरुपयोगी ठरत असे.

येथे एक आक्षेप संभवतो. पेन ड्राइव्हवरील फॅट ३२ या पद्धतीत ३२ किलोबाइटचा क्लस्टर असतो आणि तो लिनक्सवर पूर्वीपासून चालतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही ६४ किलोबाइटचा क्लस्टर ४ किलोबाइट पेजच्या यंत्रावर चालतो. मग मर्यादा कोठे होती? याचे उत्तर संज्ञांच्या भेदात आहे. लिनक्समधील फॅटमध्ये क्लस्टर हे केवळ जागावाटपाचे माप आहे. प्रत्यक्ष वाचन-लेखन लहान सेक्टरच्या मापाने होते. एनटीएफएसच्या बाबतीत विंडोजची राखीव साठ्याची रचनाच ब्लॉकवर आधारलेली नाही. लिनक्समधील अट जागावाटपाच्या मापाला नव्हती, पेज-कॅशेमध्ये अखंडपणे हाताळल्या जाणाऱ्या मापाला होती. ही दोन मापे वेगळी आहेत, हे या उदाहरणांवरून सिद्ध होते. त्याचबरोबर ही अट एका विशिष्ट रचनेपुरतीच होती, हेही सिद्ध होते.

४. २००७ चा वाद

ही मर्यादा दूर करण्याचा गंभीर प्रयत्न २००७ मध्ये झाला. तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असलेले क्रिस्टोफ लॅमेटर यांनी पेज-कॅशेत सलग पेजांचे मोठे गट ठेवण्याची योजना मांडली. त्याच वर्षी निक पिगिन यांनी एफएसब्लॉक या नावाने वेगळी योजना मांडली. तिच्यात एका ब्लॉकची पेजे स्मृतीत विखुरलेली असली तरी चालत असे आणि गरज पडेल तेव्हा ती आभासी पत्त्यांच्या साहाय्याने सलग भासविली जात.

दोन्ही योजनांच्या मुळाशी एकच अडचण होती. यंत्र बराच काळ चालल्यावर स्मृती विखुरते. मोकळी पेजे पुष्कळ असतात, परंतु ती शेजारशेजारी नसतात. अशा स्थितीत सलग सोळा पेजे मिळतीलच, याची हमी देता येत नाही. पहिल्या योजनेत ही हमी आवश्यक होती. दुसऱ्या योजनेत ती नको होती, पण आभासी जोडणीचा खर्च प्रत्येक वेळी सोसावा लागत असे. दोन्ही योजना मुख्य प्रवाहात आल्या नाहीत. डेव्ह चिनर यांनी २०१८ मध्ये एक्सएफएससाठी केलेला प्रयत्नही त्या वेळी स्वीकारला गेला नाही.

या नकाराला केवळ दिरंगाई मानणे अन्यायाचे होईल. स्मृती विखुरण्याचा आक्षेप खरा होता. त्यावरील उपाय टप्प्याटप्प्याने आले : विखुरणे रोखणारी मांडणी जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत आणि विखुरलेली पेजे सरकवून सलग जागा करण्याची सोय २०१० च्या २.६.३५ आवृत्तीत आली. तथापि अट टिकून राहण्याचे दुसरे कारणही नोंदवावे लागते. ती बहुतेकांना बोचत नव्हती. एक्सएफएसमध्ये ब्लॉकचे पूर्वनिर्धारित माप ४ किलोबाइटच असते आणि बहुसंख्य यंत्रांचे पेजही तेवढेच असते. जो वापरकर्ता माप बदलत नाही, त्याला भिंत दिसतच नाही. न दिसणारी मर्यादा हळूहळू निसर्गनियमासारखी वाटू लागते.

५. फोलिओ आणि २०२४ चा बदल

अखेरीस बदल झाला तो मोठ्या ब्लॉकसाठी वेगळी वाट काढून नव्हे, तर मूळ एकक बदलून. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी फोलिओ ही संकल्पना मांडली व ती जानेवारी २०२२ च्या लिनक्स ५.१६ पासून कर्नेलमध्ये येऊ लागली. फोलिओ म्हणजे एक किंवा अनेक सलग पेजांचा असा गट, जो पेज-कॅशेमध्ये एकच वस्तू म्हणून वावरतो. मे २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत एक्सएफएसने मोठे फोलिओ वापरण्यास आरंभ केला. मात्र येथे मोठा फोलिओ ही सवलत होती. तो मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास एका पेजवर भागत असे.

मोठ्या ब्लॉकला ही सवलत पुरत नाही, त्याला हमी हवी असते. लुईस चेंबरलेन, पंकज राघव आणि इतरांच्या कामातून आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये फाईल सिस्टीमला फोलिओचे किमान माप ठरवून देता येऊ लागले. ब्लॉक १६ किलोबाइटचा आणि पेज ४ किलोबाइटचे असेल, तर त्या फाईलसाठी पेज-कॅशेत चार पेजांपेक्षा लहान फोलिओ ठेवला जात नाही. फोलिओचे विभाजन करण्याची वेळ आली, तरी ते या मर्यादेखाली जात नाही.

हे करताना जुने गृहीतक किती ठिकाणी दडलेले होते, ते उघड झाले. त्याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. एका पेजमध्ये ब्लॉक किती, हे काढण्यासाठी पेजच्या मापाला ब्लॉकच्या मापाने भागले जाई. ब्लॉक मोठा असेल तर या पूर्णांकी भागाकाराचे उत्तर शून्य येते आणि त्यावर आधारलेले पुढचे सर्व हिशेब कोसळतात. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ब्लॉकचा काही भागच थेट डिस्कवर लिहायचा असेल, तर उरलेला भाग शून्यांनी भरावा लागतो. त्यासाठी कर्नेलजवळ शून्यांनी भरलेले एक पेज कायम तयार असते. ब्लॉक पेजपेक्षा मोठा झाल्यावर हे एक पेज अपुरे पडते. ही बाब लक्षात न घेता बंधन नुसते काढून टाकले असते, तर त्या पेजच्या पलीकडे स्मृतीत जे काही असेल ते डिस्कवर लिहिले जाण्याचा धोका होता. म्हणून ६४ किलोबाइटचा स्वतंत्र शून्यसाठा तयार करावा लागला. अट काढण्यास वेळ का लागला, याचे अंशतः उत्तर या उदाहरणात मिळते.

६. मूल्यमापन

या बदलाचा पहिला गुण म्हणजे डिस्कचे स्वरूप यंत्राच्या अंतर्गत सोयीपासून मुक्त झाले. दुसरा गुण नव्या साठवण-साधनांशी जुळवून घेण्याचा आहे. मोठ्या क्षमतेच्या काही एसएसडी साधनांत माहितीची अंतर्गत नोंद १६ किलोबाइट किंवा त्याहून मोठ्या मापाने ठेवलेली असते. अशा साधनावर ४ किलोबाइट लिहिले, तर त्याला संपूर्ण मोठा भाग वाचून, त्यात दुरुस्ती करून, तो पुन्हा लिहावा लागतो. त्यामुळे वेग घटतो आणि साधनाची झीज वाढते. ब्लॉकचे माप साधनाच्या मापाशी जुळले, तर हा जादा भार कमी होतो. तिसरा संभाव्य लाभ डेटाबेसचा आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेचे पूर्वनिर्धारित पान १६ किलोबाइटचे असते. अर्धवट लिहिल्या गेलेल्या पानापासून बचाव व्हावा म्हणून ती यंत्रणा तेच पान दोनदा लिहिते. १६ किलोबाइट अखंडपणे लिहिण्याची हमी साधन व फाईल सिस्टीम या दोहोंकडून मिळाली, तर हे दुहेरी लेखन टाळण्याचा मार्ग मोकळा होतो.

दोषांचा विचारही तितक्याच काटेकोरपणे करणे आवश्यक आहे. मोठा ब्लॉक म्हणजे वेग, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. ते १९८४ मध्ये जेवढे खरे होते, तेवढे आज नाही. १ गिगाबाइटच्या फाईलचे ४ किलोबाइटने २,६२,१४४ ब्लॉक होतात आणि ६४ किलोबाइटने १६,३८४ होतात, हे खरे आहे. परंतु एक्सएफएस प्रत्येक ब्लॉकची वेगळी नोंद ठेवत नाही. सलग ब्लॉकांच्या पट्ट्याची, म्हणजे एक्स्टेंटची, एकच नोंद ती ठेवते. त्यामुळे नोंदी कमी होण्याचा लाभ लहान ब्लॉकनेही बराच मिळतो. मोठ्या ब्लॉकचे समर्थन प्रामुख्याने साधनाशी जुळणी आणि अखंड लेखन या कारणांनीच करता येते.

दुसरा दोष अपव्ययाचा. प्रत्येकी ३ किलोबाइटच्या १०,००० फाईली आहेत असे मानल्यास त्यांतील माहिती ३०,००० किलोबाइट भरते. ४ किलोबाइटच्या ब्लॉकने त्या ४०,००० किलोबाइट जागा घेतील, तर ६४ किलोबाइटच्या ब्लॉकने ६,४०,००० किलोबाइट. हा अपव्यय डिस्कपुरता थांबत नाही. फोलिओचे किमान माप बंधनकारक असल्यामुळे या फाईली वाचल्या जातील तेव्हा स्मृतीतही तेवढीच जागा अडेल. डिस्क स्वस्त आहे असे म्हणून हा मुद्दा टाळता येत नाही.

तिसरा दोष पूर्णत्वाचा. ६.१२ मध्ये ही सोय प्रायोगिक असल्याची सूचना कर्नेल स्वतःच देत असे. शिवाय ती एक्सएफएसच्या पाचव्या स्वरूपालाच लागू झाली. जुन्या चौथ्या स्वरूपातील डिस्कवर पेजपेक्षा मोठा ब्लॉक असेल, तर ती तेथेही नाकारली जाते. म्हणजे ज्या जुन्या डिस्कांच्या अडचणीने हा प्रश्न प्रथम पुढे आणला, त्यांनाच या उत्तराचा लाभ झाला नाही. भविष्यकाळासाठी केलेली ही सुधारणा भूतकाळाची भरपाई करीत नाही, ही तिची खरी उणीव आहे.

चौथा मुद्दा हमीचा. २००७ मधील आक्षेप सौम्य झाला आहे, नाहीसा झालेला नाही. स्मृतीवर ताण असताना सलग पेजे मिळविण्यासाठी कर्नेलला अधिक श्रम करावे लागतात आणि आता लहान फोलिओवर भागविण्याची मुभा नाही. भरपूर स्मृती असलेल्या सर्व्हरवर हा भार जाणवणार नाही. अल्प स्मृतीच्या यंत्रावर तो जाणवू शकतो.

७. औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

वरील गुणदोषांचा तोल प्रत्येक ठिकाणी सारखा राहत नाही. भोसरीतील यंत्रशाळेत सीएनसी यंत्राचे प्रोग्राम, तपासणीचे तक्ते, डिलिव्हरी चलने अशा लहान फाईली मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यासाठी ६४ किलोबाइटचा ब्लॉक म्हणजे एका नटासाठी एक क्रेट पाठविण्यासारखे आहे. तेथे ४ किलोबाइटचे प्रचलित मापच योग्य होय. याउलट कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या तपासणीची चित्रे, वाहन-चाचणीत संवेदकांनी सतत नोंदविलेली मापने, किंवा मोठ्या कारखान्याचा डेटाबेस यांचे स्वरूप निराळे असते. चाकण येथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचेही केंद्र आहे. वाहन-चाचणीच्या अशा कामात एकामागून एक, सलग लिहिल्या जाणाऱ्या मोठ्या फाईली निर्माण होतात. त्याच पुणे-नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. तिच्याकडून येणाऱ्या माहितीचा प्रवाहही याच प्रकारचा होय. अशा ठिकाणी मोठ्या ब्लॉकचा विचार सयुक्तिक ठरतो.

तात्पर्य, एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतराने, ब्लॉकच्या मापाचा योग्य निर्णय बदलतो. म्हणूनच हे माप निवडता येणे महत्त्वाचे आहे. जुन्या अटीने ही निवड वापरकर्त्याच्या हातून काढून घेऊन प्रोसेसरच्या हाती दिली होती.

नोंदींच्या दीर्घायुष्याच्या दृष्टीने मात्र सावधगिरी आवश्यक आहे. आज मोठ्या ब्लॉकने तयार केलेली डिस्क ६.१२ पूर्वीच्या कर्नेलवर चालणाऱ्या, ४ किलोबाइट पेजच्या यंत्रावर उघडणार नाही. कारखान्यांत जुन्या आवृत्त्या अनेक वर्षे चालू राहतात. ज्या नोंदी वर्षानुवर्षे जपायच्या आहेत आणि ज्या कोणत्याही यंत्रावर उघडाव्या लागतील, त्यांच्यासाठी ४ किलोबाइट हेच माप आजही अधिक सुरक्षित आहे. नवी सोय उपलब्ध झाली म्हणून तिचा सरसकट अवलंब केल्यास, ज्या अडचणीतून सुटका झाली तीच अडचण नव्या रूपाने परत येईल.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पाठ्यपुस्तकांत स्मृती-व्यवस्थापन आणि फाईल सिस्टीम ही प्रकरणे सामान्यतः स्वतंत्र असतात. विद्यार्थी पेज एका प्रकरणात शिकतो आणि ब्लॉक दुसऱ्या प्रकरणात. त्यांची गाठ जेथे पडते त्या पेज-कॅशेला मिळणारी जागा त्या मानाने अल्प असते. परिणामी, ब्लॉक पेजपेक्षा मोठा का नसतो, या प्रश्नाला ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर उरते. नियम आणि मर्यादा यांतील भेद शिकविण्यासाठी यासारखे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. व्हॅक्सचे ५१२ बाइटचे पेज आणि त्यावरील ४०९६ बाइटचा ब्लॉक एवढी एक वस्तुस्थिती सांगितली, तरी तो भेद विद्यार्थ्याच्या ध्यानात येतो.

पुणे परिसराला या विषयाची परंपराही आहे. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाले व १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. व्हेरिटास या साठवण-सॉफ्टवेअर कंपनीचे विकासकेंद्रही १९९० च्या दशकात पुण्यात सुरू झाले. या परिसरातील महाविद्यालयांनी कर्नेलच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता ठेवू नये, अशी अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरत नाही. दोन वेगवेगळ्या मापांच्या ब्लॉकने डिस्क तयार करून, त्यावर लहान व मोठ्या फाईली ठेवून, व्यापलेली जागा मोजण्याचा प्रयोग कोणत्याही सामान्य प्रयोगशाळेत करता येतो. शेजारच्या कारखान्यातील फाईलींचे स्वरूप त्यासाठी आधारभूत धरल्यास प्रयोगाला स्थानिक अर्थही प्राप्त होईल.

९. निष्कर्ष

(१) ब्लॉक पेजपेक्षा मोठा नसावा, ही लिनक्समधील अट पेज-कॅशेच्या विशिष्ट रचनेतून आलेली होती. पूर्वीच्या व इतर प्रणालींचा इतिहास ती अपरिहार्य नव्हती, हे दाखवितो.

(२) ही अट शिथिल होण्यास लागलेला विलंब अंशतः समर्थनीय होता, कारण स्मृती विखुरण्याचा आक्षेप खरा होता. अंशतः तो बहुसंख्यांना अडचण न जाणवल्याचा परिणाम होता.

(३) २०२४ मधील बदल योग्य दिशेचा आहे, कारण त्याने मूळ एककच बदलले. मात्र त्याची व्याप्ती मर्यादित असून जुन्या स्वरूपातील डिस्कांना त्याचा लाभ नाही.

(४) पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील लहान उद्योगांच्या सामान्य नोंदींसाठी ४ किलोबाइटचे माप कायम ठेवणे हितावह आहे. सलग लिहिल्या जाणाऱ्या मोठ्या फाईली व मोठे डेटाबेस यांच्यासाठी मोठ्या मापाचा विचार, साधनाचे अंतर्गत माप तपासून, करावा.

नोंद ही यंत्रापेक्षा अधिक काळ टिकावी, ही औद्योगिक व्यवहाराची मूलभूत अपेक्षा आहे. फाईल सिस्टीमच्या कोणत्याही नव्या सोयीचे मूल्य याच अपेक्षेच्या कसोटीवर ठरले पाहिजे. ब्लॉकचे माप पेजच्या बंधनातून सुटले, ही त्या दिशेने टाकलेली एक पायरी आहे. ते माप कोणते असावे, याचा विवेक मात्र वापरकर्त्यालाच करावा लागेल आणि तो विवेक निर्माण करणे हे अध्यापकाचे काम आहे.